दुकान गुगलवर लावणे : सांगलीतल्या कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

वही सुरू करतेय. पुण्यातली नोकरी सोडून सांगलीत येऊन दोन महिने झाले, घरचे आता "मग पुढं काय" विचारायला लागलेत, म्हणून टार्गेट लिहूनच ठेवते. दिवाळीपर्यंत दहा दुकानं. छोट्या दुकानदारांचं गुगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा सगळं आपण बघायचं आणि महिन्याला पैसे घ्यायचे. पार्टनर वगैरे कोणी नाही, मावसभाऊ रील शूट करायला येतो आणि पेट्रोलचे पैसे मागतो.

पितृपक्ष लागलाय. माझं लॉजिक असं होतं की या पंधरवड्यात दुकानं रिकामी, मालक गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले, म्हणजे ऐकायला वेळ असणार. अर्धं बरोबर निघालं. हरभट रोड ते गणपती पेठ चौदा दुकानं केली, सगळ्यांनी बसायला स्टूल दिलं, तिघांनी चहा पाजला आणि चौदाच्या चौदा जण म्हणाले, "आता नको, घटस्थापनेनंतर बघू." पितृपक्षात माणूस ऐकून घेतो पण नवीन काही सुरू करत नाही. हे मला सांगलीत वाढून सुचलं नाही, कमाल आहे.

पत्रक छापून घेतलं होतं, सिल्व्हर पॅकेज ४९९९, गोल्ड पॅकेज ८९९९. गादी कारखान्यातले काका चष्मा वर करून म्हणाले, "ताई, सिल्व्हरमध्ये चांदी किती ग्रॅम येती?" शेजारचा पोरगा खदाखदा हसला. मी पण हसले, पण घरी येऊन पत्रक परत वाचलं तर त्यात "एसइओ", "एंगेजमेंट", "ब्रँड अवेअरनेस" असले शब्द. गादीवाल्याला याचं काय करायचंय?

अजून एक, महत्त्वाचं. चौदापैकी सहा जणांनी आधीच कुणाला तरी पैसे दिलेले आहेत. कुणी पाच हजार, कुणी बारा हजार. पैसे घेतलेला माणूस परत फिरकलेला नाही. दोघांना तर "गुगलवरनं बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान मॅपवरनं काढून टाकू" असे फोन आलेले आणि त्यांनी भरलेत. मॅपवरच्या दुकानाच्या प्रोफाईलला गुगल एक रुपया घेत नाही हे सांगितलं तर माझ्याकडेच संशयानं बघायला लागले, की मग तू कशाचे घेतीस?

११ सप्टेंबर

विश्रामबागेकडची पिठाची गिरणी. मालकीण बाई पन्नाशीच्या, नवरा वारल्यापासून एकट्या चालवतात. त्यांनीच हाक मारली, "अगं ते मोबाईलचं बघतीस म्हणं तू?"

प्रॉब्लेम असा की त्यांची गिरणी गुगल मॅपवर आहे, फोटो आहेत, रिव्ह्यू आहेत, पण कॉलचं बटण दाबलं की फोन भलत्यालाच जातो. तीन वर्षांपूर्वी एका पोरानं प्रोफाईल बनवून दिलं, स्वतःच्या जीमेलवरनं, आणि नंबरही स्वतःचाच टाकला. काकूंचं म्हणणं, वर्षभर फुकट चालू होतं, मग तो दर महिन्याला पैसे मागायला लागला, यांनी दिले नाहीत, तर त्यानं फोन उचलायचाच बंद केला. म्हणजे दळणाची चौकशी करणारी बाई त्या पोराला फोन लावणार, तो उचलणार नाही, बाई म्हणणार गिरणी बंद पडली वाटतं.

काकूंना त्यांच्याच फोनवर नवीन जीमेल काढून दिलं, पासवर्ड त्यांच्याच हातानं डायरीत लिहायला लावला (डायरीच्या त्या पानावर वर दुधाचा हिशोब आहे) आणि मालकी मागायची रिक्वेस्ट टाकली. आता जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस. त्यानं नाही म्हटलं किंवा काहीच केलं नाही तर पुढची वाट.

पैसे मागितले नाहीत. मागायला हवे होते का?

१३ सप्टेंबर

पत्रकं रद्दीत. ४०० कॉपीज होत्या. नवीन बोलणं एका वाक्याचं ठरवलं: "गुगलवर दुकान नीट लावून देणार, १५०० रुपये, एकदाच, आणि चावी तुमच्याकडं." चावी म्हणजे मालकी तुमच्या जीमेलवर, मी फक्त मॅनेजर, तुम्हाला पटलं नाही तर मला एका मिनिटात काढून टाका, कसं काढायचं ते पण आधीच दाखवणार. नंतर महिन्याला ५०० ज्याला पाहिजे त्याला.

हे वाक्य घेऊन आज नऊ दुकानं फिरले आणि पहिली बोहनी झाली, पितृपक्ष असूनसुद्धा! शिलाई मशीन विक्री आणि दुरुस्ती, काका साठीचे. काका पितृपक्ष वगैरे मानत नाहीत, म्हणाले, "बापाचं श्राद्ध घातलं की झालं, बाकी मशीनचं पट्टं काय तिथी बघून तुटत नाहीत." पण धंदा मात्र ठप्प, आणि कारण पितृपक्ष नाही, जीएसटी. ३ सप्टेंबरला कौन्सिलनं जाहीर केलं की शिलाई मशीन १२ टक्क्यांवरनं ५ वर येणार, तेही २२ तारखेपासून. आता २२ पर्यंत कोण वेडा मशीन घेईल? गिऱ्हाईक येतं, हात लावून बघतं, "काका, बाविसला येतो" म्हणून जातं.

१६ सप्टेंबर

शिलाई मशीनवाल्या काकांचं व्हिडिओ व्हेरिफिकेशन, म्हणजे दुकान खरंच आहे आणि तुमचंच आहे हे गुगलला व्हिडिओ काढून दाखवायचं. सलग एकाच शॉटमध्ये सगळं दाखवायला लागतं, आधी रस्ता आणि आजूबाजूची दुकानं म्हणजे जागा कळावी, मग बोर्ड, मग आत माल, आणि तुम्हीच चालवता याचा पुरावा म्हणजे कुलूप उघडून शटर वर करणं किंवा गल्ला उघडणं. पहिल्या टेकला काकांनी शटर उघडलं आणि कॅमेऱ्याकडं बघून हात जोडले. दुसऱ्या टेकला मधे रिक्षा आली. तिसऱ्याला काकांचा मित्र फ्रेममध्ये येऊन "काय शूटिंग चाललंय काय" म्हणाला. चौथा ओके. गुगलनं तो तपासायला पाच कामाचे दिवस धरलेत.

आज दुसरं गिऱ्हाईक पण मिळालं, भडंगवाले. बापलेक दोघं दुकानात असतात, बापाचा भरवसा चवीवर, लेकाचा फोनवर. लेकाला पाहिजे की कुणीही "सांगली भडंग" टाकलं की आपलंच नाव पहिलं यावं. मी समजावलं की मॅपवर वरती तीन नावं दिसतात त्यात यायला तीन गोष्टी बघितल्या जातात, शोधलंय त्याच्याशी दुकान जुळतंय का, शोधणारा किती लांब उभाय, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. मधली गोष्ट ना माझ्या हातात ना तुमच्या, माणूस मिरजेत उभा असेल तर त्याला मिरजेतलंच जवळचं आधी दिसणार. लेक म्हणाला, "ते असू दे, नावात टाका की भडंग, होलसेल, कुरिअर, बेस्ट इन सांगली."

आणि मी टाकलं. नियम माहीत होता, बोर्डावर जे नाव तेच प्रोफाईलला. पण समोरच्या दोन दुकानांनी असंच लांबलचक नाव लावलंय आणि ती वर दिसतायत, आणि १५०० रुपये रोख हातात होते.

२० सप्टेंबर

भडंगवाल्यांचं प्रोफाईल सस्पेंड.

सकाळी लेकाचा फोन, "ताई, आपलं दुकानच दिसंना झालंय." दुकान दिसत नाही म्हणजे २१२ रिव्ह्यू, वडिलांचा मळ्यातल्या शेंगदाण्यासकटचा फोटो, सगळं गायब, आणि परवा घटस्थापना. चूक पूर्ण माझी आहे, लेकानं मागितलं म्हणून काय झालं, डॉक्टर काय पेशंट मागेल ते इंजेक्शन देतो का. (देतात काही, पण ते सोडा.)

दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं, माझ्यामुळं झालं, पैसे परत देते आणि प्रोफाईल पण परत आणते. लेक चिडला. वडील काहीच बोलले नाहीत, पुडा बांधत राहिले, मग म्हणाले, "पैसं ठेव. आधीचा पळून गेलता, तू आलीस तरी." मला रडायला येईल असं वाटलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

अपील करायच्या आधी कागद गोळा करायचे, कारण पुराव्याचा फॉर्म एकदा उघडला की साठ मिनिटांत सगळं अपलोड करायला लागतं. आणि इथं खरी गंमत. बोर्डावर नाव मराठीत, एक. शॉप ॲक्ट लायसन्सवर नाव इंग्रजीत, आजोबांच्या नावानं. लाईट बिल अजून वारलेल्या चुलत्यांच्या नावावर. जीएसटी सर्टिफिकेटवर लेकाचं नाव आणि फर्मचं तिसरंच नाव. पेठेत कुठल्याही जुन्या दुकानात जा, हेच निघणार, वाटण्या झाल्या तरी कागद कुणी बदलत नाही. आता जे नाव बोर्डावर आणि जीएसटीवर दोन्हीकडं थोडंफार जुळतंय तेच प्रोफाईलला लावलं, बाकी सगळं काढलं, बोर्डाचा फोटो आणि सर्टिफिकेट जोडलं आणि रात्री ११ ला सबमिट केलं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

शिलाई मशीन काका लाईव्ह झालेत, शनिवारीच झालं होतं पण भडंगाच्या नादात बघितलंच नाही. आज नवीन जीएसटी लागू, म्हणून प्रोफाईलवर पोस्ट टाकली: आजपासून मशीन नवीन दरात, जुनं मशीन दुरुस्त करून मिळेल, पिको-फॉलचे पार्ट मिळतील. फोटो स्टुडिओतला नाही, काका मशीनमध्ये तेल घालतायत तोच. कॅटेगरीत दुरुस्ती टाकायला विसरायचं नाही, लोक मशीन विकत घ्यायला वर्षात एकदा शोधतात, दुरुस्त करायला बारा महिने.

दुपारपर्यंत सात फोन. काका खूश, पण मला म्हणाले, "सातातला एक विचारत होता केस कापायचं मशीन आहे का."

गिरणीवाल्या काकूंचं पण झालं, जुन्या पोरानं काहीच उत्तर दिलं नाही, तीन दिवसांनंतर क्लेम करायचा पर्याय आला, व्हेरिफिकेशन करून मालकी त्यांच्याकडं. नंबर बदलला. फक्त नवीन मालकाला सात दिवस थांबायला लागतं जुन्या माणसाला काढायला, तोपर्यंत तो यादीत आहेच. काकू रोज विचारतात, "गेला का तो?"

२६ सप्टेंबर

पार्लरवाल्या ताई, तिसऱ्या. यांना गुगल नको, इन्स्टावर जाहिरात पाहिजे, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या नेसून बायका फोटो टाकतात तेव्हा मेकअपची जाहिरात दिसली पाहिजे. कल्पना चांगली आहे पण नवरात्र निम्मं संपत आलंय.

१००० रुपये यूपीआयनं भरले, खात्यात जाहिरातीला ८४७ च दिसले, कारण १८ टक्के जीएसटी त्यातच. ताईंना वाटलं मी १५३ मारले. बिल दाखवलं तरी जरा वेळ लागला पटायला. पुढच्या वेळी आधी सांगायचं, लिहून ठेवते: हजार भरले की आठशे सत्तेचाळीस.

आधी त्या स्वतः "बूस्ट" बटण दाबून पैसे घालत होत्या आणि लाईक्स कुठून तर यूपी, बिहार, कोइम्बतूर. आता पार्लरच्या जागेवर पिन आणि भोवती ८ किलोमीटर, फक्त बायका, आणि बटणावर थेट व्हॉट्सॲप. आत्तापर्यंत १९ मेसेज, त्यातल्या पाच जणी खरंच आल्या. मेसेज आले तरी ताई रात्री ९ नंतरच उत्तर देतात कारण दिवसभर हाताला फेशियलचं क्रीम. क्विक रिप्लाय, म्हणजे एका टचमध्ये जाणारी तयार उत्तरं, बनवून द्यायला घेतली: पत्ता, वेळ, ब्रायडलचे दर. दर लिहायला ताईंचा विरोध. "दर बघून येतच नाहीत मग." मी म्हटलं, दर न बघता येतात त्या बाकड्यावर बसून दर ऐकून जातात, तुमचा वेळ जातो. पटलं नाही. दर लिहिले नाहीत. दुकान त्यांचं.

३ ऑक्टोबर

काल दसरा. भडंगवाल्यांचं प्रोफाईल बुधवारी रात्री परत आलं, रिव्ह्यूंसकट. म्हणजे अख्खं नवरात्र गेलं. लेकाला फोन केला तर म्हणाला "बघितलं", एवढंच. वडिलांनी सोन्याबरोबर, म्हणजे आपट्याच्या पानांबरोबर, पाव किलोचा पुडा दिला. तिखट होता.

आज ठरवलं, नाव बदलायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

९ ऑक्टोबर

गिरणीत भाजणीचा सीझन. काकूंकडं वहीत १८० बायकांचे नंबर आहेत, म्हटलं व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट करू, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम, "चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ तयार मिळेल." एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणजे एकच लिस्ट पुरे. पाठवलं. डबल टिक फक्त ३१ जणींना.

अर्थातच. ज्यांनी काकूंचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो, आणि गिरणीचा नंबर कोण सेव्ह करतं? गिरणी काय पळून जाणारे का. मावसभाऊ म्हणाला "नंबर सेव्ह करा, १० टक्के सूट" असं लिहू. काकू म्हणाल्या दळणाला कसली सूट, किलोमागं मिळतंय काय. मग त्यांनीच सांगितलं, बायकांचा त्रास वेगळाच आहे, डबा ठेवून जातात आणि झालं का नाही बघायला दोनदा हेलपाटा घालतात. झालं, तेच पकडलं. डब्याला लावायच्या चिठ्ठीवर आता नाव आणि किलोच्या खाली छापलंय: "हा नंबर सेव्ह करा, दळण झालं की मेसेज येईल." आणि खरंच मेसेज जातो, काकूंचा भाचा पाठवतो, "तुमचं दळण झालं." हा ब्रॉडकास्ट नाही, एकेकीला वेगळा, पण चार दिवसांत ६० बायकांनी नंबर सेव्ह केलाय. या चिठ्ठीचा खर्च १२० रुपये. माझ्या गोल्ड पॅकेजमध्ये हे नव्हतं.

काकूंनी आज स्वतःहून १५०० दिले. सुट्ट्या नोटांत, पीठ लागलेल्या.

१४ ऑक्टोबर

शिलाई मशीन काकांकडं महिन्याचा रिपोर्ट घेऊन गेले. गुगलच्या परफॉर्मन्समध्ये ४१ कॉल दाखवतंय, मी छान पीडीएफ करून नेलं. काकांनी ड्रॉवरमधनं वही काढली. प्रत्येक नवीन माणसाला ते विचारतात, "नंबर कुठनं मिळाला?" आणि गुगल म्हणाला की एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. २३ रेघा.

"बाकीचे अठरा कुठं गेले?" मी सांगितलं की गुगल बटण दाबलेलं मोजतं, कुणी दाबून लगेच कट केलं तरी एक. काका म्हणाले, "मग हे कागद कशाला? ही वही बघायची." बरोबर आहे. २३ मधली १४ दुरुस्तीची कामं, दोन मशीनं विकली गेली, बाकी चौकशी. याच्यापुढं प्रत्येक दुकानात रेघांची वही ठेवायची आणि रिपोर्ट त्यावरनंच, पीडीएफ बंद. गुगलचं एकच पान उपयोगी आहे, लोक काय शब्द टाकून आले ते. काकांचं त्यात "सिलाई मशीन रिपेरिंग निअर मी" आहे, "शिलाई मशीन दुकान सांगली" आहे आणि एक "अंब्रेला मशीन पट्टा". छत्रीचं चित्र असलेलं जुनं मशीन, लोक अजून त्याच नावानं शोधतात. त्या पट्ट्याचा फोटो टाकला.

महिन्याचे ५०० चालू ठेवायचे का विचारलं. काका म्हणाले बघू. म्हणजे हो का नाही ते कळलं नाही.

१६ ऑक्टोबर

भडंगवाल्या लेकाचा फोन, खूप दिवसांनी. आयडिया: जो फाईव्ह स्टार देईल त्याला १०० ग्रॅमचा पुडा फ्री. नाही म्हटलं. रिव्ह्यूच्या बदल्यात काही द्यायचं नाही, गुगलचा नियम आहे, आणि आपण आताच वर आलोय. तो म्हणाला, समोरचा देतोय की. म्हटलं देऊ दे.

त्याऐवजी क्यूआरचं कार्ड गल्ल्यापाशी, बापानं फक्त म्हणायचं, "कसं वाटलं ते लिहा, वाईट असलं तरी लिहा." पहिल्याच दिवशी एकानं तीन स्टार देऊन लिहिलं, "चव भारी, पण पुड्यात खालचा चुरा जास्त येतो." लेकाला ते काढून टाकायचं होतं. वडिलांनी वाचायला लावलं, दोनदा ऐकलं, आणि पुडा भरायची पद्धत बदलली म्हणे. रिव्ह्यूला उत्तर पण त्यांनीच सांगितलं, मी टाईप केलं: "बरोबर आहे, पुढच्या वेळी या."

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सगळ्यांच्या सणाच्या वेळा टाकल्या. गिरणी लक्ष्मीपूजनाला दुपारी बंद, भडंग रात्री ११ पर्यंत, पार्लर पाडव्याला सकाळी ७ पासून. हे छोटं काम आहे, पाच मिनिटांचं, पण कुणी करत नाही आणि गिऱ्हाईक "उघडं आहे" बघून येऊन बंद शटरला शिव्या घालतं.

शिलाई मशीन काकांचं टाकायचं राहिलं, त्यांना फोन लागला नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काकांचा सकाळी ८ ला फोन, "पोरी, दुकानाकडं ये." वाटलं वेळेवरनं बोलणार. काल लक्ष्मीपूजनाला दुकान लवकर बंद केलेलं, गुगलवर मात्र "उघडे", आणि तासगावहून एक जण मशीन घ्यायला येऊन परत गेला. तेच बोलले, चांगले पाच मिनिटं बोलले. मी ऐकून घेतलं.

मग नवीन वही काढली, कालच पूजा झालेली, हळदकुंकू लागलेली. महिन्याच्या देण्याच्या पानावर भाडं, लाईट बिल, पोऱ्याचा पगार आणि खाली लिहिलंय "गुगलवाली पोरगी ५००". म्हणाले, "तासगाववाल्याला फोन लाव आता, त्याचा नंबर आलाय बघ मिस कॉलमधी." लावला. रविवारी येतो म्हणाला.

२७ ऑक्टोबर

हिशोब. दहा ठरली होती, चार झाली. एकदाचे आलेले ६०००, त्यातनं पत्रकं, पेट्रोल आणि मावसभाऊ वजा जाता साडेतीन हजार. महिन्याचे ५०० तिघांचे पक्के, काका, काकू आणि (हे अनपेक्षित) भडंगवाले, लेकाच्या नाही, वडिलांच्या सांगण्यावरनं. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या लग्नसराईला बोलावते. पुण्याच्या पगाराशी तुलना करत बसले नाही, आईनं केली.

तासगाववाला काल आला, मशीन घेऊन गेला. काकांनी रेघ मारलीय.

उद्या: गादीवाले काका (चांदीवाले) यांनी बोलावलंय, त्यांचा पिन मॅपवर मागच्या बोळात पडलाय आणि टेम्पो तिकडं जाऊन अडकतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चक्कर. काकूंच्या प्रोफाईलवरनं तो जुना पोरगा २९ सप्टेंबरलाच निघायला पाहिजे होता, काढायचाच राहिलाय, ते पहिलं.